घरची ड्राफ्ट बिअर: दाब, नळी आणि तापमान यांचा मेळ कसा बसवायचा

केग (बिअरचं दाबबंद पिंप) आणली, गॅसचा सिलिंडर जोडला, टॅप उघडला आणि ग्लासात वर पाऊण भाग फेस, तळाला चार बोटं बिअर. नवीन सेटअपची सुरुवात बहुतेकांकडे अशीच होते. मग हात जातो रेग्युलेटरकडे. दाब जास्त झालाय, कमी करा! कमी केल्यावर त्या दिवसापुरतं बरं वाटतं, दोन-तीन दिवसांत फेस परत येतो आणि आठवड्याभरात बिअर सपक होते.

यात चूक एकच आहे. केगमधला दाब आपल्या सोयीने वर-खाली करायची गोष्ट नाही. बिअरमध्ये किती वायू हवा आणि बिअर किती थंड आहे, या दोन गोष्टी मिळून तो दाब ठरवतात. एकदा तो ठरला की जुळवून घ्यायची असते ती नळी. म्हणून क्रम असा: आधी तापमान, मग दाब, मग नळीची लांबी. हा क्रम उलटा केला तर कितीही वेळ खर्च करा, हिशेब जुळत नाही.

काय काय लागेल

- केग. घरी १९ लिटरची बॉल-लॉक केग सोयीची पडते. हिच्यावर राखाडी कनेक्टर गॅसचा आणि काळा बिअरचा. जोर लावून उलटे बसवले तर बसतात, पण निघताना जीव खातात. ब्रुअरीची केग असेल तर तिच्या व्हॉल्व्हला जुळणारा कपलर (केगच्या तोंडावर बसणारा जोड) घ्या. प्रकार बरेच आहेत, विचारूनच घ्या.
- कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर आणि दोन घड्याळांचा (दाब दाखवणाऱ्या काट्यांच्या तबकड्यांचा) रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) असलाच पाहिजे. केगमधला दाब कधी रेग्युलेटरपेक्षा जास्त झाला तर बिअर गॅसच्या नळीतून उलटी चढते आणि रेग्युलेटर कायमचा चिकट होतो.
- गॅसची नळी, आतला व्यास ८ मिमी. हिची लांबी कितीही चालते.
- बिअरची नळी. आतला व्यास ४.८ मिमी (म्हणजे ३/१६ इंच) असलेली व्हिनाईल, किंवा ४ मिमी व्यासाची, ऑक्सिजन अडवणारा थर असलेली पुश-फिट (नुसती ढकलून जोडात बसणारी) नळी. गरजेपेक्षा लांबच विकत घ्या.
- शँक (नळी आणि टॅप यांना जोडणारा, भिंतीतून किंवा दारातून जाणारा धातूचा तुकडा) आणि टॅप. टॅप पुढच्या बाजूने बंद होणारा घ्या. जुन्या पद्धतीच्या टॅपमध्ये आत बिअर सुकते आणि दांडा चिकटतो.
- क्लॅम्प, वॉशर, ओ-रिंगचा (सांध्यातल्या रबरी कड्यांचा) एक जादा संच, खाद्य उपकरणांसाठीचं सिलिकॉन ग्रीस.
- थर्मामीटर, मोजपट्टी, धारदार कटर, अर्ध्या लिटरची खूण असलेलं भांडं, सेकंद दाखवणारं घड्याळ, वजनकाटा, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली.

१. आधी तापमान पक्कं करा

फ्रिजच्या बटणावर किती आकडा आहे याला काही अर्थ नाही. तो आकडा हवेचा असतो, तोही फ्रिजच्या एका कोपऱ्यातल्या. पंखा नसलेल्या फ्रिजमध्ये तळ आणि वरचा भाग यांत काही अंशांचा फरक सहज पडतो, आणि बिअरची नळी नेमकी वरच्या, गरम भागात असते.

मोजायची बिअर. केग फ्रिजमध्ये ठेवून किमान २४ तास जाऊ द्या. ५० लिटरची केग असेल तर दोन दिवस धरा. मग एक ग्लास भरा, त्याचंही तापमान मोजून ठेवा आणि ओतून टाका. लगेच त्याच थंड झालेल्या ग्लासात दुसरा भरा आणि त्यात थर्मामीटर बुडवा. हा दुसरा आकडा केगमधल्या बिअरचा. दोन्हींमध्ये दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर टॉवर (फ्रिजवर उभा, टॅप बसवलेला खांब) किंवा शँक गरम आहे, आणि ते दाबाने सुटणारं दुखणं नाही.

३ ते ४ अंश सेल्सिअस हे बहुतेक बिअरसाठी सोयीचं तापमान. त्याहून गरम ठेवायलाही हरकत नाही, पण जितकी गरम तितका दाब जास्त आणि नळी लांब. थर्मोस्टॅटचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत न ठेवता केगच्या अंगाला टेपने चिकटवा आणि वरून स्पंजचा तुकडा लावा. मग दार उघडलं की कॉम्प्रेसर विनाकारण सुरू होत नाही आणि बिअरचं तापमान एका जागी राहतं. आत एक छोटा पंखा बसवला तर वर-खालचा फरकही मिटतो. या दोन गोष्टींचा खर्च किरकोळ आहे, आणि फेसाच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

२. दाब तापमानावरून ठरवा

बिअरमध्ये विरघळलेला वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. २.५ व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू, वातावरणाच्या दाबाला मोजलेला. लागर आणि फिकट एल साधारण २.४ ते २.६, ब्रिटिश पद्धतीच्या एल २.० च्या आसपास, गव्हाची जर्मन बिअर ३.० किंवा वर.

२.५ व्हॉल्यूम टिकवायला घड्याळावर किती दाब हवा, ते असं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पाउंड, दाबाचं एकक):

- २ अंशाला १० पीएसआय
- ३ अंशाला ११
- ४ अंशाला १२
- ६ अंशाला सुमारे १४
- ८ अंशाला साडेपंधरा
- १० अंशाला साडेसतरा

तापमान ४ अंशच ठेवून २.२ व्हॉल्यूम हवे असतील तर साडेआठ-नऊ पीएसआय, आणि ३.० हवे असतील तर १७. घड्याळ बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

हे आकडे समुद्रसपाटीचे. घड्याळ आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं, आणि उंचावर हवाच विरळ. म्हणून दर ६०० मीटर उंचीमागे १ पीएसआय वाढवा.

रेग्युलेटर लावताना क्रम पाळा. सिलिंडर उभा आणि बांधलेला हवा. दाबाची चावी आधी पूर्ण सैल करा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, मग चावी घट्ट करत हवा तो आकडा आणा. गॅस न जोडता घड्याळाचा काटा शून्यावर आहे का, तेही एकदा बघून घ्या. स्वस्त घड्याळं एक-दोन पीएसआयने खोटं बोलतात.

एक फसवी गोष्ट. दाब वाढवला की काटा लगेच वर जातो, पण कमी केला की काटा तिथेच राहतो, कारण केगमध्ये जुना दाब अजून अडकलेला असतो. चावी सैल केल्यावर केगचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडायची झडप) क्षणभर ओढा, दाब सोडा, मग काटा बघा. हे न करता लोक चावी फिरवतच राहतात, आणि रात्रीतून दाब कुठल्या कुठे जाऊन बसतो.

बिअर अजून कार्बोनेट झालेली नसेल, म्हणजे तिच्यात वायू पुरेसा विरघळलेला नसेल, तर सर्वांत निश्चिंत मार्ग म्हणजे ठरलेला दाब लावायचा आणि थंडीत एक ते दोन आठवडे विसरून जायचं. घाई असेल तर ३० पीएसआयवर २४ तास ठेवा, मग दाब सोडून नेहमीच्या आकड्यावर आणा आणि अजून दोन दिवस द्या. केग हलवून-हिंदकळून काम तासाभरात होतं, पण किती वायू गेला याचा पत्ता लागत नाही. नवख्याने त्या वाटेला न गेलेलं बरं. अर्धवट किंवा जास्त कार्बोनेट झालेल्या बिअरवर नळीची लांबी ठरवायला बसलात तर सगळं मोजमाप वाया जातं.

३. गळती शोधा

गॅस जोडल्यावर लगेच प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा: सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला वॉशर, क्लॅम्प, कनेक्टर, केगचं झाकण, दोन्ही पोस्ट (कनेक्टर बसतात ती केगची तोंडं). बुडबुडे फुगायला अर्धा मिनिट लागू शकतं, म्हणून घाई नको. झाकण गळत असेल तर ओ-रिंगला ग्रीसचा पातळ हात द्या, झाकण बसवा आणि ३० पीएसआयचा झटका देऊन ते नीट बसू द्या, मग दाब खाली आणा.

सिलिंडरच्या उच्च दाबाच्या घड्याळावर विसंबू नका. आतला कार्बन डायऑक्साईड द्रवरूप असतो, त्यामुळे २० अंशाला काटा ५७ बारच्या आसपास ठाण मांडून बसतो, मग सिलिंडर भरलेला असो की पाव. द्रव संपला की तो भराभर पडतो. किती उरलंय हे फक्त वजनकाटा सांगतो. १९ लिटरची एक केग कार्बोनेट करून पूर्ण रिकामी करायला ढोबळमानाने दीडशे ग्रॅम वायू लागतो. त्याहून बराच जास्त जात असेल तर कुठेतरी गळतंय.

आणि हा वायू हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो, वास नसतो. तळघरात किंवा खिडकी नसलेल्या खोलीत सिलिंडर ठेवू नका. दुसरी जागाच नसेल तर कार्बन डायऑक्साईड मोजणारा अलार्म लावा. केगवर कोरलेल्या कमाल दाबाच्या पलीकडे कधीही जाऊ नका, आणि रिलीफ व्हॉल्व्ह नसलेल्या भांड्याला सिलिंडर जोडूच नका.

४. नळीची लांबी

इथेच सगळा खेळ आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

बहुतेक ठिकाणी सूत्र असं दिलेलं असतं: केगमधला दाब = नळीचा रोध + उंचीचा रोध + टॅपपाशी उरवायचा १ पीएसआय. उंची मोजायची केगच्या मध्यापासून टॅपपर्यंत. दर मीटरला १.४ पीएसआय. टॅप केगच्या खाली असेल तर तेवढाच दाब उलट वाढतो. सूत्र बरोबर आहे. गोची आहे ती नळीच्या रोधाच्या आकड्यात. ३/१६ इंची व्हिनाईलसाठी तक्त्यांत फुटाला ३ पीएसआय लिहिलेलं सापडतं. १२ पीएसआयला त्या हिशेबाने जेमतेम एक मीटर नळी पुरते. तेवढी कापून बसवली की टॅपमधून फवारा येतो.

कारण असं की रोध हा नळीचा जन्मजात गुण नाही. तो धारेच्या वेगावर अवलंबून असतो. धार वेगवान, तर घर्षण जास्त. तक्त्यातले आकडे बारसाठीचे, सेकंदाला ६० मिलीच्या धारेसाठी, शिवाय नळी-नळीतही फरक पडतो. घरी धार त्यापेक्षा संथ हवी असते, म्हणून त्याच नळीचा रोध बराच कमी भरतो.

अजून नीट सांगायचं तर टॅपबाहेर मोकळी हवा आहे. केगमधला सगळा दाब टॅपपर्यंत येता येता कुठे ना कुठे खर्च होणारच, नळी अर्धा मीटर असो की पाच मीटर. आखूड नळीत तो थोड्या अंतरात खर्च होतो, तोही बिअर जोरात पळाल्यामुळे. असा दाब एकदम पडला आणि धार टॅपच्या वळणावर आपटली की विरघळलेला वायू सुटतो. तोच तुमचा फेस. लांब नळीत दाब हळूहळू उतरतो आणि बिअर शांतपणे बाहेर पडते. म्हणजे नळीची लांबी ठरवणं म्हणजे प्रत्यक्षात धारेचा वेग ठरवणं.

घरासाठी सोयीचा वेग सेकंदाला ४५ मिलीच्या आसपास, म्हणजे अर्धा लिटर साधारण ११ सेकंदांत. त्यासाठी सुरुवातीची लांबी अशी धरा, टॅप केगच्या मध्यापासून अर्धा मीटर वर आहे असं समजून:

- ४.८ मिमी व्हिनाईल: दर पीएसआयला २५ ते ३० सेंमी. १० पीएसआयला अडीच मीटर, १२ ला तीन, १५ ला चार, १७ ला साडेचार.
- ४ मिमी पुश-फिट: दर पीएसआयला १५ सेंमी धरा. १२ पीएसआयला १.८ मीटर.
- ६.४ मिमी (१/४ इंच): घरासाठी नकोच. १२ पीएसआयला दहा-अकरा मीटर लागेल, आणि तेवढ्या नळीत तीनशे मिलीपेक्षा जास्त बिअर नुसती पडून राहील.

व्यासात अर्ध्या-पाऊण मिलीमीटरच्या फरकाने लांबी निम्म्यावर येते, म्हणून नळी विकत घेताना आतला व्यास छापलेला आहे का ते बघा. ‘बिअर लाईन’ एवढंच लिहिलेली नळी कोणत्याही व्यासाची असू शकते.

लांब नळीचं नुकसान एकच, ग्लास सावकाश भरतो. आखूड नळीने मात्र ग्लासागणिक बिअर वाया जाते. म्हणून नेहमी लांबीच्या बाजूने चुका.

५. नळीची मांडणी

पुश-फिट नळी सरळ, चौकोनी कापलेली हवी. तिरकी कापली की ओ-रिंगवर नीट बसत नाही आणि सांधा गळतो. व्हिनाईल नळी काटेरी टोकावर चढत नसेल तर टोक गरम पाण्यात काही सेकंद धरा, लगेच चढवा आणि क्लॅम्प आवळा.

उरलेली नळी गोल गुंडाळून केगच्या माथ्यावर आडवी ठेवा आणि पट्टीने बांधा. उभ्या वेटोळ्यात किंवा लोंबणाऱ्या झोळात वरच्या वळणांवर वायूचे कप्पे साचतात, आणि टॅप उघडला की ते फटाफट बाहेर येतात. नळी फ्रिजच्या मागच्या बर्फाळ पत्र्याला चिकटू देऊ नका, आणि दारात चिमटलेली नाही ना तेही बघा.

टॉवर असेल तर त्यात थंड हवा गेली पाहिजे. संगणकातला छोटा पंखा एका पाईपला जोडून पाईपचं टोक टॉवरच्या माथ्यापर्यंत नेलं की काम होतं. हवेला परत खाली यायला जागा ठेवा. टॉवरच्या आतून फोमचं अस्तर लावा.

६. मोजा, मग कापा

सगळं थंड झालं, दाब दोन-तीन दिवस स्थिर आहे, बिअर नीट कार्बोनेट झालेली आहे, आता घड्याळ हातात घ्या. पहिला ग्लास मोजायचा नाही. दुसऱ्यांदा मापाच्या भांड्यात अर्धा लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा. टॅप पूर्ण उघडा; भांडं तिरकं धरा.

- ८ सेकंदांच्या आत आणि फेस अनावर: नळी आखूड आहे. नवीन लांब नळी लावा. जोड देऊन लांबी वाढवू नका, सांध्यापाशी बिअर खवळते.
- ९ ते १२ सेकंद आणि वर दोन बोटं फेस: हात लावू नका.
- १५ सेकंदांच्या वर, धार मंद पण बिअर छान: हवं तर नळी कापा.

कापायचं तर एका वेळी २० ते ३० सेंमी. तीन मीटरमधून ३० सेंमी कमी केल्यावर अर्ध्या लिटरच्या वेळेत जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद फरक पडतो, त्यामुळे अर्धा मीटर एकदम छाटून टाकायचा मोह होतो. आवरा. प्रत्येक कापणीनंतर पुन्हा एक ग्लास ओतून दुसरा मोजा. जमलं की तापमान, दाब, व्यास आणि लांबी एका कागदाच्या पट्टीवर लिहून फ्रिजच्या आत चिकटवा. पुढच्या नळीबदलाच्या वेळी हीच पट्टी कामाला येते.

७. टॅप आणि ग्लास

टॅप अर्धवट उघडणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. फेस येतोय म्हणून लोक तोटी जराशीच ओढतात. त्या अरुंद फटीतून बिअर फवाऱ्यासारखी येते आणि फेस दुप्पट होतो. टॅप झटक्यात पूर्ण उघडा, झटक्यात पूर्ण बंद करा. प्रवाह कमी-जास्त करायची वेगळी कळ असलेले टॅप मिळतात, त्यांची गोष्ट निराळी. तिथे कळ आधी लावून ठेवायची, दांडा तरीही पूर्णच ओढायचा.

ग्लास ४५ अंशात धरा, धार आतल्या भिंतीवर सोडा, दोन तृतीयांश भरल्यावर सरळ करा. टॅपचं टोक बिअरमध्ये बुडू देऊ नका. फ्रीझरमधून काढलेला, आत बर्फ धरलेला ग्लास फेस वाढवतो. त्यापेक्षा थंड पाण्याने विसळलेला ओला ग्लास उत्तम. तेलकट ग्लासात उलटं होतं, फेस टिकतच नाही आणि काचेला बुडबुडे चिकटून राहतात. ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढा: पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं तर स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर चिकटपणा आहे.

८. तरीही फेस येतोय?

लक्षण बघून कारण शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

*फक्त पहिला ग्लास फेसाळ, पुढचे ठीक.* टॅप आणि टॉवर गरम आहेत. टॉवरमध्ये हवा पोचवा. नळी वा रेग्युलेटर बदलून काही होणार नाही.

*नळीत मधेमधे वायूचे कप्पे दिसतात, टॅप बंद असतानाही.* बिअरमध्ये जेवढा वायू आहे त्याला लागणाऱ्या दाबापेक्षा रेग्युलेटरचा दाब कमी आहे, किंवा नळी केगपेक्षा गरम आहे. दाब पायरी २ च्या यादीशी ताडून बघा. फेसाला घाबरून दाब ५-६ पीएसआयवर आणलेल्या सेटअपमध्ये हेच दिसतं.

*बुडबुडे थेट केगच्या पोस्टपासून सुरू होतात.* डिप ट्यूबच्या (केगच्या तळापासून बिअर वर आणणाऱ्या नळीच्या) माथ्याची छोटी ओ-रिंग फाटलीय. तिच्या फटीतून वरचा वायू बिअरमध्ये घुसतो. केगचा दाब सोडा, पोस्ट उघडा, ओ-रिंग बदला. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक आधी सगळी नळी बदलून बघतात.

*धार अडखळत, थुंकल्यासारखी येते.* पॉपेटमध्ये (पोस्टमधल्या छोट्या झडपेत) किंवा डिप ट्यूबच्या तोंडाशी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा अडकलाय. कनेक्टर आणि पोस्ट उघडून धुवा. कोरडे हॉप्स घातलेल्या बिअरला पृष्ठभागावरून उचलणारी तरंगती डिप ट्यूब लावली तर हा त्रास कमी होतो.

*वेग बरोबर, तापमान बरोबर, तरी प्रत्येक ग्लास फेसाळ, आणि बिअर जिभेला टोचते.* बिअर जास्त कार्बोनेट झालीय. गॅस काढा, रिलीफ व्हॉल्व्हने दाब सोडा, आणि दर तासा-दोन तासांनी पुन्हा सोडत राहा. दिवसभरात बराच फरक पडतो. मग ठरलेल्या दाबाला जोडा आणि एक रात्र जाऊ द्या. लगेच पिऊन बघून निष्कर्ष काढू नका.

*काल छान होतं, आज अचानक फेस.* केग हलवली का? फ्रिज नीट बंद होता का? वीज गेली होती का? आणि नळी शेवटची कधी धुतली?

९. नळी धुणं

तो शेवटचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. नळीच्या आत यीस्ट, प्रथिनं आणि बिअरस्टोनचा (बिअरमधून साचणाऱ्या कठीण क्षारांचा) खरखरीत थर बसतो. त्या खरखरीवर वायू सुटायला जागा मिळते, म्हणून उत्तम जुळवलेला सेटअपही मळलेल्या नळीने फेसाळतो. चवीत आंबटपणा किंवा लोण्यासारखा वास आला तर उशीरच झालाय.

अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशन बारसाठी दर १४ दिवसांनी अल्कलीने आणि दर तीन महिन्यांनी अम्लाने सफाई सांगते. घरी दर केगला एकदा, आणि केग रेंगाळली तर मध्येही, असा नेम पुरतो. रीत अशी: आधी गार पाण्याने बिअर बाहेर काढा. मग बिअर लाईनसाठीचं अल्कली क्लीनर २ टक्क्यांच्या द्रावणात, कोमट पाण्यात, पंपाने १५ मिनिटं फिरवा. पंप नसेल तर नळीत भरून २० मिनिटं ठेवा. प्रमाण बाटलीवरच्या सूचनेनुसार. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण डोळ्यात गेलं तर इजा करतं. शेवटी भरपूर साधं पाणी सोडा, आणि बाहेर पडणारं पाणी पीएच-पट्टीवर नळाच्या पाण्यासारखंच दाखवेपर्यंत थांबू नका. अल्कली आणि अम्ल एकापाठोपाठ वापरायचे असतील तर मधे धुणं सक्तीचं; दोन्ही एकत्र कधीही करू नका. टॅप पूर्ण खोलून ब्रशने घासा. साधी व्हिनाईल नळी वर्षातून एकदा बदलून टाका, कारण ती वास धरते. रूट बिअर किंवा फळांचं पेय एकदा जरी त्यातून गेलं असेल तर तो वास पुढच्या बिअरला येणारच.

१०. एकापेक्षा जास्त टॅप

एका रेग्युलेटरवर फाटे काढून तीन-चार केग जोडता येतात, पण मग सगळ्यांना दाब एकच. लागर आणि फिकट एल शेजारी-शेजारी निभावतात. गव्हाच्या बिअरला १७ पीएसआय हवेत आणि ब्रिटिश एलला ८ सुद्धा जास्त होतात, तिथे प्रत्येकाला स्वतंत्र दुय्यम रेग्युलेटर लागतो, आणि त्या-त्या दाबाच्या लांबीची नळीही. फाट्यावर प्रत्येक तोंडाला चेक व्हॉल्व्ह असू द्या, नाहीतर एका केगचा वास दुसरीत जातो.

नायट्रो स्टाउटचं (नायट्रोजनच्या मिश्रणावर ओतायच्या काळ्या बिअरचं) गणित वेगळंच. तिथे साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साईड असं मिश्रण ३० पीएसआयच्या वर चालवतात, रोध नळीपेक्षा टॅपमधल्या छिद्रांच्या चकतीत असतो, आणि सिलिंडर-रेग्युलेटरही त्या मिश्रणासाठीचा लागतो. साध्या टॅपला ते मिश्रण जोडून स्टाउट होत नाही, आणि साध्या वायूवर चकतीचा टॅप लावला तर ग्लासभर फक्त फेस मिळतो.